रोप लावण्याआधी



पावसाळा आला की सगळीकडे वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. काही वर्षांपूर्वी आम्हीही रविवारच्या मिस्सानंतर रोपे घेऊन एका टेकडीवर गेलो होतो. खड्डे खणले, गुलमोहर लावले, फोटो काढले आणि समाधानाने घरी परतलो. पुन्हा तिकडे गेलो ते थेट पुढच्या मे महिन्यात. बहुतेक रोपे वाळून गेली होती आणि खणलेल्या जागेत घाणेरी माजली होती. आमच्या श्रमदानात कळकळ होती, पण अभ्यास नव्हता. म्हणून शहरातल्या जंगलाची सेवा कशी करावी, याचा आज आपण थोडा विचार करूया.

१. आपल्या दारचे जंगल

बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आपण सहलीला जातो, कान्हेरीची लेणी पाहतो. मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध पसरलेले हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. चहूबाजूंनी वस्ती आणि आत बिबळे, सांबर, चितळ! १८६० साली बांधलेला विहार तलाव आणि १८७९ सालचा तुळशी तलाव याच डोंगरांतले पाणी साठवून आजही मुंबईला पुरवतात. दहिसर नदीही इथेच उगम पावते. हे जंगल बिघडले तर त्याची झळ आपल्या घरापर्यंत येईल.

२. हिरवे ते सगळे जंगल नव्हे

घाणेरीची रंगीत फुले आपल्याला सुंदर वाटतात. पण हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. शोभेसाठी म्हणून ते आपल्या देशात आणले गेले. पक्षी त्याची फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात. त्याची पाने विषारी असल्याने चरणारी जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या दाट जाळीखाली गवत आणि देशी झाडांची रोपे गुदमरतात. रानमोडीही तशीच बाहेरून आलेली. गिरिपुष्प तर माणसांनीच ठिकठिकाणी लावले. आम्ही लावलेला गुलमोहर मूळचा मादागास्करचा! रस्त्याकडेला तो शोभतो, परंतु जंगलात तो पाहुणाच.

३. काढण्याचीही रीत असते

घाणेरी वरून छाटली तर ती पुन्हा जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर एक साधी पद्धत शोधली. जमिनीच्या थोडे खाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मात्र काम तेवढ्यावर संपत नाही. मातीत पडलेल्या बिया पुढच्या पावसात उगवतात. त्या रोपांना काढायला दरवर्षी परत यावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेत देशी गवत आणि झाडे वाढू लागली की मगच घाणेरीला आळा बसतो.

४. दुसऱ्या एका शहराचा अनुभव

असाच धडा एका दूरच्या शहराला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव धारण करणारे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को हे ते शहर. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सीझ ब्लू नावाचे निळे फुलपाखरू राहत असे. शहर वाढले, टेकड्या गेल्या, अळ्यांचे खाद्य असलेली झाडेही गेली. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते शेवटचे दिसले. आज ते जगात कुठेही नाही.

त्याच भागातील प्रेसिडिओ ही लष्करी छावणी १९९४ साली राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. तिथे स्वयंसेवकांनी परकी झाडे उपटली, स्थानिक बियांपासून रोपे वाढवली आणि लावली. हे काम वर्षानुवर्षे चालले. २०२४ साली तिथे सिल्व्हरी ब्लू हे जवळच्या नात्यातले फुलपाखरू सोडण्यात आले. गेलेले फुलपाखरू परत आले नाही, पण त्याचे घर पुन्हा उभे राहिले.

५. आपण काय करू शकतो?

राष्ट्रीय उद्यानात आपल्या मनाने काही लावू किंवा उपटू नये. कायद्याने ते संरक्षित आहे. वन विभागाच्या परवानगीने आणि मार्गदर्शनाखालीच काम करावे. सेवा फक्त कुदळ-फावड्याचीच असते असेही नाही. २०११ साली वन विभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा नागरिकांनी बिबळ्यांविषयी लोकांना माहिती देण्याचे काम केले. प्लास्टिक गोळा करणे, वणव्याची खबर देणे हीही सेवाच.

शेवटी कारवीकडे पाहूया. वारली बांधव हिच्या काठ्यांनी घराच्या भिंती उभारतात. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. २०२४ साली या डोंगरांवर ती फुलली. त्या बियांची रोपे २०३२ साली फुलायची आहेत. त्यांना घाणेरीखाली जागाच उरली नाही तर आपली मुले तो बहर कुठे पाहणार? कारवी आठ वर्षे धीर धरते. आपण निदान दुसऱ्या वर्षी तरी त्याच जागी परत जाऊया.

घरी चर्चेसाठी :
१. आपण लावलेल्या किती रोपांना आपण पुन्हा भेट दिली?
२. आपल्या अंगणातली, आवारातली कोणती झाडे देशी आहेत?