उंदीर आणि अद्वेष

आजचे चिंतन : गीता, अध्याय 12, श्लोक 13

भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत सुरुवातच करतात ती अद्वेषापासून. कुठल्याही जिवाचा द्वेष नको. वांद्र्याच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्यात उंदीर शिरला की या श्लोकाची खरी परीक्षा होते.

लेप्टोची भीती खोटी नाही; घरच्यांना जपणं हाही धर्मच. पण गोंदाच्या पॅडवर चिकटलेला जीव भुकेने, तहानेने तडफडत मरतो. ते पॅड मी आणत नाही. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या भोकातूनही येतो, म्हणून आधी फटी सिमेंटने बुजवते. रात्री ओटा कोरडा, कचरा झाकलेला. तरीही आलाच तर पिंजरा लावते, आणि सकाळी उठल्याबरोबर आधी तो बघते.

फट बुजवावी, मनात राग ठेवू नये. आजची साधना एवढीच.

हरि ॐ 🙏