सुताचा रिकामा कोन आणि बाळाचे पहिले शिक्षण

आमच्या वसतिगृहात पाचवीस दाखल होणारे मूल त्यापूर्वी दहा वर्षे शिकतच आलेले असते. त्यातील पहिल्या तीन वर्षांत शिक्षक नसतो. असते ती आई, आजी, थोरले भावंड आणि हाताला लागेल ती वस्तू. त्या वस्तूंविषयी येथे लिहावयाचे आहे.

एका पालकसभेत आम्ही सुताच्या रिकाम्या कोनांपासून खेळणे करून दाखवीत होतो. तेव्हा एक माता उठून म्हणाल्या, "सर, उष्टं-टाकाऊ सोडा म्हणून बाबासाहेबांनी शिकवलं. मग आमच्या लेकराच्या हातात पुन्हा टाकाऊच का देता?"

प्रश्न खरा होता. मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस व उष्टे सोडण्यास सांगितले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तो ग्रंथ तेथेच जाळला गेला. हा इतिहास शिकविणाऱ्याने 'टाकाऊपासून टिकाऊ' हे वाक्य सहज उच्चारू नये. आम्हांस ते फारसे आवडतही नाही. तथापि दुसऱ्याने फेकलेले निमूटपणे घेणे वेगळे आणि आपल्याच श्रमातून उरलेली वस्तू पारखून, स्वच्छ करून, आपल्या बाळासाठी हेतूपूर्वक घडविणे वेगळे.

मारिया मॉन्टेसोरी यांनी 1907 मध्ये पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत. पुढे त्यांची साधने मात्र गरिबाला न परवडणारी झाली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथील साधने झाली. साहित्य साधे असले तरी त्यामागील शिक्षणशास्त्र अस्सल होते.

सोलापुरात समुद्र नाही, यंत्रमाग आहेत. चादर-टॉवेलच्या कारखान्यांतून पुठ्ठ्याचे कोन रिकामे होतात. पाच-सहा कोन घ्यावेत, धूळ पुसून उन्हात ठेवावेत, प्रत्येकावर वेगळ्या रंगाचे उरलेले सूत घट्ट गुंडाळून टोक चिकटवावे. दीड वर्षाचे मूल एकावर एक कोन चढवू लागते. कोन उलटा धरला तर बसत नाही. मूल थांबते, पाहते, फिरवून पुन्हा बसविते. "चुकलं" असे कोणी सांगावे लागत नाही. चूक खेळण्यानेच दाखवावी, हे मॉन्टेसोरींच्या साधनांचे मर्म या पुठ्ठ्यात उतरते. येथे घाई करू नये. मूल दहादा उलटा कोन ठेवील, ठेवू द्यावा.

टॉवेल, चादर, गोणपाट आणि गुळगुळीत साडी यांचे तळहाताएवढे दोन-दोन तुकडे शिवून ठेवले की स्पर्शाच्या जोड्या होतात. पाण्याच्या चार लहान बाटल्यांपैकी दोहोंत ज्वारी, दोहोंत चिंचोके भरले की आवाजाच्या जोड्या. पण झाकण गोंदाने पक्के करून वर चिकटपट्टी लावावी आणि रोज तपासावी. चिंचोका श्वासनलिकेत अडकला तर जीव जातो. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मुठीत लपेल एवढी सुटी वस्तू, बटण, घड्याळाचा सेल वा फुटका फुगा देऊ नये. औषधाचे, कीटकनाशकाचे, तंबाखूचे डबे कितीही धुतले तरी वर्ज्य.

तंबाखूचा उल्लेख सहज केलेला नाही. आपल्या अनेक माता-भगिनी घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, शेजारी रांगते बाळ. त्याचा हात प्रथम सुपाकडेच जातो. बाळाला तंबाखूपासून दूर बसविणे हाच खरा उपाय; मात्र ते तेथे रमावे यासाठी त्याच्यापुढे काहीतरी हवे, आणि बाजारातील खेळण्यासाठी दिवसाच्या मजुरीतून पैसे निघत नाहीत.

सभा संपल्यावर त्या मातेने सहा कोन पिशवीत घातले. जाताना मात्र बजावले, "पुढच्या वेळी लेकरांची नवी, रंगीत पुस्तकंबी दाखवा." मागणी रास्त आहे. येत्या पालकसभेत कोनांच्या शेजारी पुस्तकांचे टेबल असेल.