दरात न धरलेली मजुरी

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात बायकांनी मिळून कांदा-लसूण चटणी करून विकायला सुरुवात केली, तेव्हा जमाखर्च माझ्याकडे होता. एकट्या पडलेल्या बायकांच्या हाताला काम मिळावं, एवढाच हेतू. नफ्याचं नाव काढलं की बैठकीत कुणीतरी म्हणायचं, ‘आपल्याला काय वाडे बांधायचेत?’ आणि तिथंच विषय मिटायचा.

मग दर ठरला तो मिरची, खोबरं, लसूण आणि कुटणावळ एवढंच धरून. देठं खुडल्यावर, उन्हात वाळल्यावर मिरचीचं वजन उतरतं; ती घट धरली नाही. दुकानदाराचं कमिशन धरलं नाही, थकणारी उधारी धरली नाही. आणि बायकांची मजुरी द्यायची ठरली ‘उरेल त्यातून’. माल खपत होता, लोक वाखाणत होते, उरत मात्र काहीच नव्हतं. मिरचीचा भाव चढला, तशा ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं त्याच बायका पुन्हा शेतावर रोजगाराला जाऊ लागल्या. त्यांना कोणत्या तोंडानं थांबवायचं?

म्हणून आता कुणी उद्योग काढायचं म्हटलं की मी लिज्जत पापडाची गोष्ट सांगते. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि देणगी घ्यायची नाही असं ठरवलं. लाटणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळणार हे पक्कं, आणि नफा-तोटा सगळ्यांचा. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालयही तसंच. 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालेल्या या रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या जोरावर गरिबांच्या मोफत शस्त्रक्रिया होतात. माया तिथंही आहे, पण ती मिळालेला पैसा कुठं जातो यात दिसते. खर्चाखाली दर पाडून ती दाखवावी लागत नाही.

तेव्हा मजुरी पहिल्या दिवसापासून खर्चात धरा, स्वतःचीसुद्धा. घरची जागा, घरचा मिक्सर फुकट समजू नका. कुणाला स्वस्तात द्यायचं असेल तर जरूर द्या, पण त्याचं वेगळं पान ठेवा आणि महिन्याची मर्यादा आधीच लिहा. देणगी मिळालीच तर यंत्र घ्या, रोजचा तोटा त्यातून भरू नका. नुसत्या नफ्यावर डोळा ठेवणारा तिखटात रंग मिसळण्यापर्यंत जातो, म्हणून मालाच्या दर्जात काटकसर नाही, हेही बैठकीच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

नोंदणीचा विचारही आधीच करा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालच्या कंपनीला नफा कमावता येतो, पण सभासदांना लाभांश वाटता येत नाही. पैसा उद्देशासाठीच वापरावा लागतो. राबणाऱ्या बायकांनाच नफ्यात वाटा मिळावा असं वाटत असेल, तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीची चौकशी करा, आणि ती करताना त्या बायकांना सोबत घेऊन जा.