गुणी खेळाडू आणि संघाचें भूषण

फुटबॉलचा सामना दीड तासांत आटोपतो. परंतु त्यांतील थोर खेळाडू कोण, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या आटोपत नाहीं. कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब इत्यादि संघ उतरले, म्हणजे पेठापेठांतून हाच वाद रंगतो. वडील मंडळी म्हणतात, "आमच्या वेळचे खेळाडू तुम्हीं पाहिलेच नाहींत." तरुण म्हणतात, "तुमच्या वेळीं आजच्यासारखा वेग होता कोठें?" कलकत्त्यास मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोन संघांचे अभिमानी शंभर वर्षें हेंच करीत आले आहेत. आपल्या शाळेच्या पटांगणावरहि मधल्या सुटींत असे वाद होतातच. वाद करणें वाईट नव्हे. मात्र ज्या शब्दांवरून वाद करावयाचा त्यांचा अर्थ आधीं ठरविला नाहीं, तर घसा सुकतो आणि निर्णय हातीं लागत नाहीं. म्हणून या लेखांत आम्ही तो अर्थ ठरविण्याचा प्रयत्न करणार आहों.

१. दोन निराळे प्रश्न

"सर्वांत कुशल खेळाडू कोण?" हा एक प्रश्न आहे, आणि "संघाचें भूषण कोण?" हा दुसरा. वाद घालणारे बहुधा या दोहोंची गल्लत करितात. एक जण पहिल्या प्रश्नाचें उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्याचें. मग एकमत व्हावें कसें?

धांवण्याच्या शर्यतींत हा घोटाळा होत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडवा गांवचे अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेसची शर्यत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळविलें. तेथें घड्याळानें निकाल दिला. वादास जागा उरली नाहीं. फुटबॉलमध्यें मात्र अकरा जण मिळून खेळतात. गोल एकाच्या नांवावर मांडला जातो, पण तो चेंडू त्याच्या पायाशीं येण्यापूर्वीं तिघां-चौघांच्या पायांतून आलेला असतो. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शरीर व त्याचे अवयव यांची जी उपमा योजिली आहे, ती येथें तंतोतंत लागू पडते. डोळा कितीहि तेजस्वी असला, तरी पायांवांचून तो शरीराला मुक्कामास नेऊं शकत नाहीं.

यावरून पहिली गोष्ट ध्यानांत येते. कौशल्य हें एका खेळाडूकडे पाहून जोखतां येतें. परंतु संघाचें भूषण कोण हें ठरवावयाचें असेल, तर त्या खेळाडूमुळें बाकीच्या दहा जणांचें काय झालें, हें पाहावें लागतें.

२. हैदराबादच्या शिक्षकाचा धडा

हा भेद ज्यांनीं प्रत्यक्ष मैदानावर शिकविला, ते एक शाळाशिक्षक होते, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं आवर्जून लक्षांत ठेवावें. त्यांचें नांव सय्यद अब्दुल रहीम. त्यांचा जन्म १९०९ सालचा. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत शिकून त्यांनीं त्या शहरांतील शाळांतून अध्यापन केलें. १९४३ पासून ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते, आणि हैदराबाद सिटी पोलीस या संघास त्यांनीं घडविलें. मुंबईची रोव्हर्स कपची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झालेली, देशांतील फार जुन्या स्पर्धांपैकीं एक. ती स्पर्धा या पोलीस संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वेळां जिंकली. त्या काळीं आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यांतच होता; १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो मुंबई राज्यांत आला. तेव्हां मुंबईस जाऊन ओळीनें पांच वेळां कप जिंकून आणणारा तो संघ आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्याचा संघ होता.

रहीम साहेबांची शिकविण्याची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. त्यांनीं मुलांसाठीं अशा स्पर्धा भरविल्या कीं, ज्यांत चेंडू पायांत खेळवीत नेण्यास, म्हणजे ड्रिब्लिंग करण्यास, मनाई असे. चेंडू आला कीं तो लगेच दुसऱ्याकडे द्यावयाचा. कांहीं सामन्यांत खेळाडूंनीं आपला कमजोर पायच वापरावा असा नियम असे. आणखी कांहीं स्पर्धांत उंचीची मर्यादा घातलेली असे, म्हणजे लहान चणीच्या मुलांनाहि खेळावयास मिळावें.

प्रथमदर्शनीं हे नियम विचित्र वाटतील. हुलकावणी देऊन तिघांमधून चेंडू काढणें हीच तर प्रेक्षकांना सर्वांत आवडणारी गोष्ट. तीच बंद करावयाची? परंतु यामागील कारण समजून घेतलें पाहिजे. एक खेळाडू चेंडू आपल्या पायाशीं धरून ठेवतो, तितक्या वेळांत प्रतिपक्षाचे खेळाडू धांवत येऊन आपल्या जागा घेतात, आणि मोकळी झालेली वाट बंद होते. चेंडू माणसापेक्षां जलद धांवतो आणि तो दमत नाहीं. म्हणून चेंडू धांवेल तर संघ ताजा राहतो. माणूस चेंडू घेऊन धांवेल तर माणूस थकतो. शिवाय ज्याला चेंडू लगेच द्यावयाचा आहे, त्याला तो हातीं येण्यापूर्वींच मान वर करून सोबती कोठें आहेत हें पाहून ठेवावें लागतें. म्हणजे या नियमानें पायांबरोबर डोळ्यांनाहि शिक्षण मिळे, आणि डोळ्यांबरोबर मनालाहि, कारण दुसऱ्याकडे पाहण्याची संवय लागे.

रहीम साहेबांना कौशल्याचा तिटकारा होता, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले खेळाडू देशांत नांवाजले गेले. १९५० ते १९६३ या काळांत ते भारतीय संघाचेहि शिक्षक होते. त्यांच्या संघानें १९५१ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकांत चौथा क्रमांक पटकाविला. कौशल्य केव्हां वापरावें आणि केव्हां आवरावें, एवढेंच त्यांनीं शिकविलें. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत धन्यानें सोपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. ज्याचें कौशल्य आपल्याच पायांशीं घोटाळत राहतें, त्या खेळाडूनेंहि आपलें द्रव्य पुरूनच ठेविलेलें असतें.

३. जाकार्ताचे तिघे

१९६२ सालीं जाकार्ता येथें रहीम साहेबांच्या संघानें पुन्हां सुवर्णपदक जिंकलें. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला. जर्नैलसिंग हे मुळचे फुलबॅक. आधींच्या सामन्यांत डोक्यास जखम होऊन टाके पडले होते. तरी गुरूच्या सांगण्यावरून ते आपली नेहमींची जागा सोडून पुढच्या फळींत खेळले, आणि अंतिम सामन्यांतील एक गोल त्यांनींच केला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा. रहीम साहेब तेव्हां कर्करोगानें ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षीं, ११ जून १९६३ रोजीं, ते निवर्तले.

त्या संघाच्या पुढल्या फळींतील तिघांच्या जीवनाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कारण संघनिष्ठेचा प्रश्न या तिघांमुळें चांगला उलगडतो.

पहिले चुनी गोस्वामी, त्या संघाचे कर्णधार. लहानपणीं ते मोहन बागानच्या मुलांच्या संघांत आले, १९५४ पासून थोरल्या संघांत खेळले, आणि १९६८ पर्यंत दुसऱ्या कोणत्याहि क्लबांत गेले नाहींत. दुसरे प्रदीपकुमार बॅनर्जी. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांचा मोह न धरतां त्यांनीं ईस्टर्न रेल्वेच्या संघांत आपली कारकीर्द घालविली. आणि त्या साध्या नोकरदारांच्या संघानें १९५८ सालीं कलकत्ता लीग जिंकून दाखविली. तिसरे तुलसीदास बलराम. हे रहीम साहेबांचे शिष्य, सिकंदराबादजवळच्या गरीब घरांत जन्मलेले. १९५७ सालीं ते हैदराबाद सोडून कलकत्त्यास ईस्ट बेंगॉलकडे गेले, आणि १९६१ सालीं त्या संघाचे कर्णधार झाले. पुढें प्रकृति बिघडल्यामुळें ऐन उमेदींत त्यांना खेळ सोडावा लागला.

आतां प्रश्न असा कीं, पहिले दोघे एकनिष्ठ आणि तिसरे निष्ठाहीन म्हणावयाचे काय? पुष्कळ अभिमानी लोक असेंच मोजमाप करितात. "तो राहिला, म्हणून आमचा, तो गेला, म्हणून परका." आम्हांस हें मोजमाप अपुरें वाटतें. गरीब घरच्या खेळाडूस पोटासाठीं गांव सोडावें लागणें हा त्याच्या मनाचा दोष नव्हे. बलराम जेथें गेले तेथें त्यांनीं काय दिलें, हें पाहिलें पाहिजे. १९६० च्या रोम ऑलिंपिकांत हंगेरी व पेरू या दोन्ही देशांविरुद्ध त्यांनीं गोल केले. ईस्ट बेंगॉलचे लोक त्यांना परप्रांतीय म्हणून विसरले नाहींत. २०२३ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्यासाठीं शोक करणाऱ्यांत त्या संघाचे अभिमानी अग्रभागीं होते.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास विशेष जवळची आहे. दिवाळीच्या सुमारास येथील कित्येक कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्यांत परततात. आईबापांच्या हातीं कोयता आला, म्हणजे कधीं कधीं मुलासहि शाळेचें पटांगण सोडून बैलगाडींत किंवा ट्रॅक्टरवर बसावें लागतें. असा मुलगा पावसाळ्यांत संघाकडून जीव तोडून खेळला आणि अंतिम सामन्याच्या वेळीं कारखान्याच्या तळावर होता, तर कपावर त्याचा हक्क नाहीं काय? आमच्या मतें तो पुरेपूर आहे. त्यानें जितके दिवस दिले तितके पूर्ण दिले.

४. अपयश आणि मान

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. संघाचें भूषण म्हणजे कधींहि न चुकणारा पुरुष, असें मुलांना वाटतें. १९४८ सालीं लंडन ऑलिंपिकांत भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले व फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्या सामन्यांत आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वायां गेल्या. त्यांपैकीं एक शैलेन मन्ना यांची. एवढ्या मोठ्या प्रसंगीं हातचा गोल गेला! तरी मन्ना मोहन बागानकडून १९६० पर्यंत खेळत राहिले, आणि १९५१ च्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे कर्णधार तेच होते. एका क्षणाच्या चुकीनें लोकांनीं त्यांना टाकलें नाहीं, आणि त्यांनींहि मान खालीं घालून खेळ सोडला नाहीं.

५. बीडचा एक मोहरा

खेळ निराळा, पण हेंच तत्त्व बीड येथें जन्मलेल्या संजय बांगर यांच्या उदाहरणानें स्पष्ट होतें. रणजी स्पर्धेंत ते रेल्वेच्या संघाकडून खेळले, आणि २००१-०२ सालीं रेल्वेनें रणजी करंडक प्रथमच जिंकला त्या संघांत ते होते. २००२ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडमधील हेडिंग्ले येथें कसोटी सामन्यांत आरंभींच एक गडी बाद झाला असतां त्यांनीं २३६ चेंडू खेळून ६८ धांवा केल्या आणि राहुल द्रविड यांच्या साह्यानें १७० धांवांची भागी केली. पुढें द्रविड यांनीं १४८, सचिन तेंडुलकर यांनीं १९३ आणि सौरव गांगुली यांनीं १२८ धांवा काढल्या, व भारतानें एक डाव ४६ धांवांनीं विजय मिळविला. लोकांस तीं तीन शतकें आठवतात, आणि तें योग्यहि आहे. परंतु चेंडू नवा व वळणारा असतां जो उभा राहिला, त्याच्या अडुसष्ट धांवांवर त्या शतकांचा पाया रचला गेला. कौशल्याच्या यादींत बांगर यांचें नांव त्या तिघांच्या खालीं येईल. त्या दिवसाच्या विजयाच्या यादींत तें त्यांच्या शेजारीं येतें.

६. तात्पर्य

एकंदरींत आमचें म्हणणें असें. खेळाडूच्या कौशल्यानें टाळ्या मिळतात, आणि त्या मिळाव्यातहि. कौशल्य ही ईश्वरी देणगी आहे व तिला परिश्रमाची जोड लागते. परंतु संघाचें भूषण कोण हें ठरवितांना तीन गोष्टी विचाराव्या: त्याच्यामुळें सोबत्यांचा खेळ सुधारला काय? कठीण वेळीं, किंवा स्वतः चुकल्यावर, तो उभा राहिला काय? आणि जितका काळ तो संघांत होता तितका काळ त्यानें आपलें सर्वस्व दिलें काय? तो किती वर्षें राहिला, हा प्रश्न यानंतरचा.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी सामना खेळून घरीं आली, म्हणजे "किती गोल केलेस?" एवढेंच विचारूं नये. "कोणाला चेंडू दिलास?" हेंहि विचारावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ड्रिब्लिंगला मनाई केल्यानें खेळाडूंच्या डोळ्यांना शिक्षण कसें मिळतें, तें आपल्या शब्दांत लिहा.
(२) चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी व तुलसीदास बलराम या तिघांपैकीं संघाचें भूषण कोणास म्हणाल? वर दिलेल्या तीन कसोट्या लावून उत्तर द्या.
(३) आपल्या शाळेच्या संघांतील असा एक खेळाडू आठवा कीं, ज्यानें एकहि गोल केला नाहीं, परंतु ज्याच्यावांचून सामना जिंकतां आला नसता. त्यानें काय केलें, तें दहा ओळींत लिहा.