पोटाचा कर्करोग : रक्तात किती, ताटात किती?

न्यूझीलंडमधील एका मोठ्या माओरी घराण्यात तीस वर्षांत पंचवीसच्या आसपास माणसे जठराच्या कर्करोगाने दगावली. सर्वांत लहान रुग्ण अवघा १४ वर्षांचा होता. हा शापच असावा, असे काहींना वाटे. अखेर घराण्यातील मंडळींनीच ओटागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांची मदत घेतली आणि १९९८ साली कारण सापडले. जठरातील पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन असते. ते बनविणाऱ्या जनुकातच या घराण्यात दोष होता. असा दोष आई किंवा वडिलांत असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. हा कर्करोग अस्तराखाली पसरत असल्याने दुर्बिणीतूनही लवकर दिसत नाही. म्हणून दोष आढळलेल्या अनेकांनी रोग होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने जठर काढून टाकले.

मग हा माओरी लोकांचाच रोग म्हणायचा का? नाही. याच जनुकातील दोष युरोपातील कुटुंबांतही आढळले. शिवाय, जठराच्या १०० कर्करोगांपैकी एक ते तीनच या प्रकारचे असतात.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मुख्य कारण असते हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरविले. मात्र लागण झालेल्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही. भारतात ही लागण सर्रास आढळते, तरीही बहुतेक भागांत हा कर्करोग जपानच्या तुलनेत कमीच आहे. मिझोराममध्ये मात्र त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तेथे धुरावर सुकविलेले मांस आणि तंबाखू यांचे सेवन फार आहे. जंतूचा वाण, माणसाची जनुके आणि आहार या तिन्हींचा येथे मेळ बसतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांच्या पुढच्या पिढ्यांत हा कर्करोग कमी झाला. वंश तोच होता, राहणीमान बदलले होते.

जनुके बदलता येत नाहीत, पण जंतू घालविता येतो. आई, वडील किंवा भावंडांना हा कर्करोग झालेल्या लोकांचा दक्षिण कोरियात अभ्यास झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, जंतूवर औषधोपचार घेतलेल्यांत कर्करोगाचा धोका निम्म्याहून कमी झाला.

तेव्हा वाचकहो, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. कोणाला आणि कितव्या वर्षी झाला, हेही सांगा. जंतूची तपासणी करावी का, ते विचारा. तंबाखू सोडा, मीठ बेताने खा. भूक मंदावणे, वजन घटणे, गिळताना अडकणे, वारंवार उलटी होणे किंवा काळी शौचास होणे, यांपैकी काहीही आढळल्यास 'पित्त झाले' म्हणून परस्पर गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना वेळीच दाखवा.