चांदीवरचे पाच छाप

आपल्या जालना जिल्ह्यातील असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. पुढे त्याच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला जेवणाची भांडी भेट दिली. चांदीची, वर सोन्याचा मुलामा. 'दख्खन सर्व्हिस' नावाने ती आज लंडनच्या ॲप्सली हाऊसमध्ये आहेत. त्यांवर जॉन एडवर्ड्ससारख्या कारागिरांचे छाप आहेत. आपल्याकडे विणकराचे नाव थानावर कुणी कधी पाहिले?

त्या काळच्या लंडनच्या चांदीवर साधारणपणे पाच छाप असत. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडनची तपासणी. एक अक्षर सालाचे. राजाचे डोके म्हणजे कर भरल्याची खूण. ही १७८४ ते १८९० पर्यंतच. पाचवा छाप कारागिराच्या आद्याक्षरांचा. थानाच्या टोकाचा गिरणीचा शिक्का वाचावा, तसे हे वाचायचे.

आम्ही कापडवाले, तरी एकदा मोहात पडलो. चांदीच्या भांड्यात खाणेपिणे आपल्याला मना आहे, पण विकून चार पैसे मिळतील म्हणून एक जुनी चहादाणी चांदीच्या भावाने घेतली. घरी येऊन बुडाशी पाहिले तर 'ई.पी.एन.एस.'! म्हणजे तांबे, निकेल, जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचे पाणी. सिंह कुठेच नव्हता.