अनामिक फलने

संगणकाकडून एखादी कृती वारंवार करवून घ्यावयाची असल्यास तिला नाव द्यावे लागते. परंतु जी कृती एकदाच, एकाच ठिकाणी करावयाची, तिला नावाचे प्रयोजन काय? अशा निनावी कृतीस ‘अनामिक फलन’ म्हणतात. या कल्पनेचे मूळ अलोन्झो चर्च या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात मांडलेल्या ‘लॅम्डा-कलना’त आहे. १९९१ साली प्रसृत झालेल्या पायथन भाषेतही अनामिक फलनास ‘लॅम्डा’ असेच म्हणतात.

समजा, विद्यार्थ्यांची नावे व गुण यांच्या जोड्या गुणानुक्रमे लावावयाच्या आहेत. क्रम लावणाऱ्या आज्ञेस ‘जोडी घ्यावी, तीतील गुण द्यावेत’ एवढे छोटेसे लॅम्डा पुरविले की काम झाले.

तथापि, एक सावधगिरी बाळगावी. आवर्तनात ‘क’ची किंमत क्रमाने १, २, ३ होत असता प्रत्येक वेळी ‘दिलेल्या संख्येस क ने गुणावे’ असे एक फलन रचले. आवर्तन संपल्यावर तिन्ही फलनांना १० ही संख्या दिली, तर १०, २०, ३० अशी उत्तरे आपण अपेक्षितो. प्रत्यक्षात तिन्ही वेळा ३० येते! कारण फलन ‘क’ची किंमत साठवून ठेवीत नाही, ते वापरले जाते त्या क्षणी ती पाहते, आणि तेव्हा ती ३ झालेली असते.

यास्तव फलन रचतानाच ‘क’ची त्या वेळची किंमत त्याच्या एका चलास पूर्वनिश्चित म्हणून बांधून द्यावी. येथे संगणक कोणताही दोष दाखवीत नाही, केवळ उत्तर चुकते. म्हणूनच ही चूक अधिक घातक होय.